मागच्या सीटवर कोण बसायचं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसानं धरलं आणि आमच्या गाडीत कुत्रं आलं.

शिरोलीची एमआयडीसी मागे टाकून आम्ही कोल्हापुरात शिरत होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. काचा बंद, एसी चालू. मागे बसलेल्या सासूबाई पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत गप्प होत्या. तावडे हॉटेलपाशी गाड्या तुंबल्या तेव्हा म्हणाल्या, “कुत्रं हाय व्हय गं गाडीत?” मी हसले. यांनी मात्र आरशातून मागच्या सीटवर नजर टाकली, जणू असलंच तर दिसेल.

आईंचं नाक चुकत नाही. दूध नासणार हे त्यांना पातेलं चुलीवर चढायच्या आधी कळतं. घरी पोचल्यावर मी एकटीच गाडीत परत जाऊन बसले, दारं लावली आणि डोळे मिटले. ओल्या पोत्याचा, शिळ्या तेलाचा आणि त्याखाली कुठेतरी मुतारीचा असा तिपेडी वास होता. समोर टांगलेल्या मोगऱ्याच्या बाटलीचा सुगंध त्याच्यावर तरंगत होता, नासक्या आमटीवर कोथिंबीर भुरभुरावी तसा.

गाडी आम्ही एप्रिलात घेतली होती. सात वर्षांची, पेट्रोल, एमएच ०९ पासिंग, टायर बरे. विकणाऱ्यानं सगळ्यात आधी जे सांगायचं ते सांगितलं: “डॉक्टरांची गाडी आहे ताई, सिंगल हँड.” कोल्हापुरात जुन्या गाड्या विकायला काढणारे डॉक्टर मोजले तर दवाखाने कमी पडतील, हे ठाऊक असूनही आपण मान डोलावतो. मीही डोलावली.

तपासणीत मी कमी पडले होते असं नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर या शहरात जुनी गाडी घेणारा प्रत्येक माणूस अर्धा पंचनामेवाला झाला आहे. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं, आणि पुरात बुडालेली गाडी ओळखायच्या खुणाही. सीटच्या रुळांवर गंज आहे का, डिकीत स्टेपनीखाली गाळ आहे का, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर मातीची रेघ दिसते का. मी हे सगळं केलं. चारही बेल्ट ओढले, मोबाइलचा टॉर्च मारला. बेल्ट पाहिले, पण हुंगले नाहीत. मी पंचगंगा शोधत होते, त्यामुळे कुत्रं निसटलं.

अमेरिकेत फसव्या जुन्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली या लिंबांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात आणि घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांचा भाव पाडून मागतो, मग चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणतच नाही आणि मागे लिंबं उरतात. एवढ्या साध्या निरीक्षणाचं मोल मोठं होतं. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ॲकरलॉफ होते. आमच्याकडे लिंबू मिरच्यांसह बंपरला बांधतात, बाहेरची नजर लागू नये म्हणून. ॲकरलॉफना विचारलं असतं तर त्यांनी ते बंपरवरून काढून आतल्या आरशाला टांगायला सांगितलं असतं.

पण या गाडीचा मालक भेटल्यावर ॲकरलॉफही मला पुरेसे वाटेनात.

आरसीवरच्या नावावरून आम्ही त्यांचं घर शोधून काढलं. भांडायला गेलो नव्हतो, निदान मी तरी नाही. निवृत्त गृहस्थ, नीटनेटकं घर. ते डॉक्टर नव्हतेच. गाडी डॉक्टरांची नव्हती, डॉक्टरांकडे जाणारी होती. त्यांची लॅब्रॅडोर कुत्री म्हातारी झाली, तिला लघवी आवरेना, आणि शेवटचं वर्षभर दर आठवड्याला ती मागच्या सीटवर घोंगडी अंथरून जनावरांच्या डॉक्टरकडे जात होती. ती गेली आणि त्यांना गाडीत बसवेना, म्हणून विकली. हे सांगताना त्यांनी एकदा चष्मा पुसला. मग मी चाचरत वासाचं काढलं. ते खरंच गोंधळले. “वास? आम्हाला तर कधी आला नाही हो.”

यात खोटं काही नव्हतं. एकच वास सतत येत राहिला की नाक काही मिनिटांतच त्याची दखल घेणं सोडतं, आणि रोजचाच झाला तर तो घरचा होऊन जातो. २००४ साली रिचर्ड ॲक्सल आणि लिंडा बक यांना ज्या कामासाठी नोबेल मिळालं ते नाकातल्या वास टिपणाऱ्या ग्राहकांबद्दलचं, म्हणजे रिसेप्टर्सबद्दलचं. माणसाच्या नाकात असे सुमारे ४०० प्रकार कामाचे आहेत, कुत्र्याच्या नाकात साधारण दुप्पट. इतका सरंजाम असूनही आपल्याच घराचा वास आपल्याला गावाहून आठवड्यानं परतल्यावरच येतो. परदेशात मोटार कंपन्या यासाठी तयार नाकाची माणसं पगारावर ठेवतात. चीनमध्ये गिऱ्हाइकांना नव्या गाडीचा वास खपत नाही, म्हणून फोर्डनं नानजिंगला हुंगणाऱ्यांचं पथकच बसवलं आहे. आपल्याकडे ते काम सासूबाई बिनपगारी करतात.

विकणाऱ्या डीलरला फोन केला तर तो म्हणाला, “आमच्याकडं होती तवर वास न्हवता, मॅडम.” हेही खरं असावं. त्याच्याकडे गाडी मार्च-एप्रिलात उन्हात उभी होती. डीलरचं आणि त्याच्या गाळ्याचं नाव इथे घेण्यात अर्थ नाही, कारण कुठल्याच कागदावर वासाचा रकाना नसतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्रही लागतं. इंजिन नंबर, चासी नंबर, बोजा, विमा, सगळं लिहायचं असतं. मागच्या सीटवर कोण बसायचं, ते कोणी विचारत नाही.

कोल्हापूरला गाडीतून जनावर न्यायचं अप्रूप नाही. राजर्षी शाहूंच्या काळात आणि त्यांच्यानंतर राजाराम महाराजांच्याही वेळी संस्थानात शिकारीचे चित्ते होते. पुढे ते आफ्रिकेतून आणावे लागले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवर बसवून काळविटांच्या माळावर न्यायचा, टोपी काढायची आणि सोडायचा, अशी ती शिकार. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा आम्ही सगळे तिच्याकडे माना उंच करून बघतो. यंदा पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की हिच्या आतून वास कसला येत असेल? आणि पाडव्याला शिंगं रंगवलेल्या म्हशी मोटारसायकलच्या मागे पळवणारं हे शहर, इथं एका लॅब्रॅडोरचं काय एवढं.

वासाचीही आम्हाला सवय आहे. गळिताच्या दिवसांत मळीचा वास, माळावरून जाताना गुऱ्हाळाचा, नव्या कोल्हापुरी चपलेचा बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरलेल्या चामड्याचा. यातला एकही वास आम्हाला परका नाही. तरीही बंद काचेच्या आतला वास वेगळा असतो. तो जागचा हलत नाही, आणि गाडीतला माणूसही जागचा हलू शकत नाही.

आता उपाय. उपायांना तोटा नव्हता. शेजारच्या काकूंनी कापूर सांगितला, भावजयीनं कॉफीची पूड, यांच्या मित्रानं कोळशाची टोपली, आणि दूधवाल्या मामांनी धूप घालून गाडीची दारं तासभर लावून ठेवायला सांगितलं. मी सगळं केलं. आठवडाभर आमची गाडी सत्यनारायणाच्या पूजेला कुत्रं येऊन बसल्यासारखी झाली होती. कोळशाबद्दल एवढं म्हणेन की हवेतला वास तो थोडा ओढतो, पण सीटच्या पोटातलं त्याला ओढता येत नाही. खायचा सोडा मॅटवर पसरून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूम मारला, तर वरवरचा आंबूसपणा गेला. तो दोन दिवसांनी परत आला.

दूधवाल्या मामांवरून आठवलं. गाडीत टांगायचं ते पुठ्ठ्याचं झाड बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ते ज्युलियस सामान नावाच्या रसायनज्ञानं १९५२ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊनला तयार केलं. त्याला निमित्त एका दूधवाल्याचं झालं, असं सांगतात. दूध सांडून त्याच्या गाडीला वास मारत होता आणि त्यानं ती तक्रार या रसायनज्ञाकडे केली. दूध सांडण्यात कोल्हापूर वॉटरटाऊनला हार जाणार नाही. ‘गोकुळ’चा दूध संघ १९६३ चा, गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दुधाचा पेला अजून हातात येतो, आणि घरी किटली नेताना ब्रेक दाबला की काय होतं ते इथल्या प्रत्येक मॅटला माहीत आहे. पण त्या दूधवाल्यानं सांडलेलं दूध पुसलं का, हे गोष्टीत कोणी सांगत नाही. त्याला झाड मिळालं. तेव्हापासून जगभर लोक घाण जागच्या जागी ठेवून वर झाडं टांगत आहेत.

माझा सगळा राग इथेच आहे. वास म्हणजे हवा, ती उघड्या खिडकीतून जाईल किंवा दुसऱ्या वासानं मरेल, असं आपण धरून चालतो. वास ही वस्तू आहे. कुत्र्याचा वास आला याचा शब्दशः अर्थ असा, की कुत्र्याच्या अंगातून निघालेले रेणू आपल्या नाकात शिरले. ते कुठून तरी उडत आहेत, आणि ती जागा सापडेपर्यंत उडतच राहणार.

पावसाचं कोडंही यातच सुटतं. कुत्र्याच्या कातडीचा तेलकटपणा, त्यावर जगणारे जिवाणू आणि यीस्ट, त्यांनी सोडलेली आम्लं आणि इतर पदार्थ, हे सगळं केसांबरोबर कापडात आणि फोममध्ये चिकटून बसतं. कोरड्या दिवसांत ते निपचित असतं. हवेत ओल चढली की पाण्याचे रेणू त्यांची जागा घेतात, आणि ते सुटून उडू लागतात. ओल्या जागी जिवाणूही पुन्हा कामाला लागतात. भिजलेलं कुत्रं कोरड्यापेक्षा जास्त वास मारतं ते यामुळे. आमच्या गाडीत कुत्रं नव्हतं, पण कुत्र्याचा ओला होणारा भाग शिल्लक होता. एप्रिलातलं कोल्हापूर त्याला झोपवत होतं आणि जूनचं उठवत होतं.

मुताचं प्रकरण थोडं निराळं. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, डोळ्यांना झोंबतो तो हाच. मांजराच्या मुतात शिवाय फेलिनिन नावाचा पदार्थ असतो, आणि तो फुटला की त्यातून गंधकाचे रेणू सुटतात. सिलिंडरची गळती कळावी म्हणून गॅसमध्ये जो मर्कॅप्टन मिसळतात, त्याच्याच कुळातले. म्हणूनच बोक्यानं फवारलेली गाडी एका थेंबानं नाकात जाते. बोक्याचा त्रास असलेल्यांसाठी एक खरोखर कामाचा उतारा आहे. तो मुळात स्कंक नावाच्या अमेरिकन दुर्गंधी प्राण्यासाठी निघाला. पॉल क्रेबॉम या रसायनज्ञानं १९९३ मध्ये तो जगजाहीर केला. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण एक लिटर, पाव कप खायचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालायचं. गंधकाच्या रेणूला यातून ऑक्सिजन चिकटतो आणि त्याचा वास मरतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मिश्रण करून बाटलीत झाकून ठेवायचं नाही, वायूच्या दाबानं बाटली फुटते. आणि कापडाचा रंग उडू शकतो, म्हणून आधी सीटच्या खालच्या कडेला थेंबभर लावून बघायचं.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. वास येतोय म्हणून फरशी धुवायचं ब्लीच सीटवर ओतू नका. मुतातल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, आणि गाडीसारखी बंद जागा त्याला दुसरी नाही.

शेवटी जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही गाडी उद्यमनगरात नेली. शिवाजी उद्यमनगरात एकेकाळी ऑइल इंजिनं घडली. आता तिथल्या बोळांत गाडीचं काय वाट्टेल ते उलगडून परत जोडणारी माणसं आहेत. पन्नाशीच्या कुशनवाल्या मामांनी मागचं दार उघडलं, वाकले, सीटच्या फटीत नाक खुपसलं आणि उभे राहिले. “वर काय बी मारू नगा. बूड काढू.”

हे वाक्य ऐकायला मला एक महिना लागला होता.

मामांनी आधी बॅटरीची तार सोडली. पुढच्या सीटखाली पिवळा प्लग असतो, तो एअरबॅगचा. बॅटरी जोडलेली असताना त्याला हात लावायचा नाही, एवढं त्यांनी पोराला दोनदा बजावलं. मग पुढच्या सीटांचे चार-चार बोल्ट निघाले. मागचं बूड दोन खटक्यांवर होतं. दोन्ही बाजूंनी उचललं आणि हातात आलं.

खाली जे होतं त्याचं वर्णन दिवाळी अंकात बेतानंच करायला हवं. पिवळट पांढऱ्या केसांचा वीतभर गालिचा, बिस्किटाचा चुरा, दोन गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि एक पितळी घुंगरू, पट्ट्यातून निखळलेलं. मामांनी घुंगरू पुसून डॅशबोर्डवर ठेवलं. फोम उलटा केल्यावर मधोमध चहाच्या बशीएवढे, एकात एक असे तपकिरी डाग होते, झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे. वर कव्हरवर मात्र काही नाही, ते कोणीतरी चकचकीत धुतलं होतं. धुताना पाणी जेवढं वर वापरलं तेवढं सगळं खाली उतरलं, आणि आपल्याबरोबर घाणही खाली घेऊन गेलं. डागांच्या बरोबर खाली मॅट, मॅटखाली नमदा, आणि नमदा पिळला तर पाणी निघेल इतका ओला. त्याचं कारण निराळंच निघालं. एसीच्या पाण्याची नळी केसांनी तुंबली होती आणि पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत येत होतं.

केस काढायचं काम सगळ्यात वेळखाऊ. व्हॅक्यूमनं निम्मेच येतात. उरलेले कापडात विणल्यासारखे बसतात. रबरी हातमोजा ओला करून एकाच दिशेनं ओढत गेलं की त्यांच्या वळकट्या होतात. मामांच्या पोरानं डिकीसकट दोन तास हेच केलं. ज्यांच्या घरी दम्याचं माणूस आहे त्यांनी इथे आळस करू नये. कुत्र्या-मांजराच्या लाळेतली आणि कातडीतली ॲलर्जी देणारी प्रथिनं जनावर गेल्यावरही महिनोन्महिने धुळीत टिकतात, वास गेला तरी.

नमदा वाचवण्यात अर्थ नव्हता. तो कापून नवा घातला. स्वस्त असतो. फोमसाठी एन्झाइमचं औषध आणलं. त्याच्या बाटलीवर युरिक ॲसिडच्या खड्यांबद्दल मोठमोठ्या गोष्टी छापलेल्या होत्या. खरं तर बहुतेक कुत्र्या-मांजरांच्या शरीरात युरिक ॲसिडचं पुढे ॲलँटॉइन होतं, आणि ते पाण्यात सहज विरघळतं. डाल्मेशियन जात हा ठळक अपवाद. तरीही औषध उपयोगाचं असतं, कारण प्रथिनं आणि चरबी फोडायला एन्झाइम कामी येतात, धुण्याच्या पावडरीत असतात तशीच. त्याची अट एकच. मूत जिथवर गेलं तिथवर औषध गेलं पाहिजे आणि कित्येक तास ओलं राहिलं पाहिजे. फवारा मारून पुसलं तर पैसे वाया. आणि आधी फिनेल मारलं असेल तर ते धुऊन काढल्याशिवाय औषध ओतू नये.

आम्ही फोम रात्रभर औषधात भिजवला, दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यानं तीनदा धुऊन पायानं तुडवून पिळला. पाणी आधी चहासारखं, मग ताकासारखं, मग नितळ.

आणि मग खरी अडचण सुरू झाली. जुलैत कोल्हापुरात चार इंच जाडीचा फोम वाळवायचा कुठे? बाहेर पंधरा दिवस ऊन नव्हतं. अर्धवट वाळलेला फोम पुन्हा बसवला तर कुत्रं जाऊन बुरशी येणार. मामांच्या ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यानं कोअरच्या भट्टीत ठेवायची तयारी दाखवली, पण त्या उष्णतेत फोमचा कोळसा झाला असता. यांच्या एका मावसभावाची कागलकडे पोल्ट्री आहे, पिलांच्या खोलीत बल्ब लावलेले असतात, तिथे ठेवू म्हणाला. कुत्र्याचा वास काढून कोंबडीचा भरायचा? अखेर आमच्याच माळ्यावर बाजेवर फोम आडवा टाकला, दोन पंखे खालून-वरून लावले आणि सहा दिवस पंखे बंद केले नाहीत. आईंनी रोज सकाळी जिना चढून हुंगायचं काम घेतलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, “अजून हाय, पण लांब गेलंय.” सातव्या दिवशी मान हलवली.

फोम वाळत होता तोवर मामांनी बाकीचं उरकलं. तुंबलेल्या नळीत हवा मारली. ग्लोव्ह बॉक्समागच्या केबिन फिल्टरवर केसांचा नमदाच झाला होता, तो फेकून नवा घातला. अनेक जुन्या लहान गाड्यांत हा फिल्टरच नसतो, तिथे केस थेट कूलिंग कॉइलवर जाऊन बसतात आणि मग कॉइल धुवावी लागते. मागचे बेल्ट पूर्ण ओढून, चिमट्यानं अडकवून कोमट साबणपाण्यात बुडवून ठेवले. त्या पाण्याचा रंग मी सांगत नाही. छताच्या कापडाला मात्र मामांनी फक्त ओलसर फडकं लावलं. ते पातळ फोमवर गोंदानं चिकटवलेलं असतं, जास्त भिजलं तर गोंद सुटून डोक्यावर मांडवासारखं लोंबतं.

डिटेलिंगवाले ओझोन सुचवतात. मशीन गाडीत ठेवून, काचा लावून, ब्लोअर आतल्या हवेवर फिरवतात. ओझोनला नाव मिळालं तेच मुळी वासावरून. रसायनज्ञ शोनबाइन यांनी १८४० मध्ये ‘वास येणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते दिलं. हवेतले आणि कापडाच्या पृष्ठभागावरचे दुर्गंधी रेणू तो जाळतो, हे खरं. पण फोमच्या पोटात तो शिरत नाही, जास्त वेळ दिला तर दाराच्या रबराला चिरा पडतात, आणि फुप्फुसाला तो वाईटच. मशीन चालू असताना आत बसायचं नाही, नंतर दारं चांगली उघडी ठेवायची. माझं मत विचाराल तर बूड काढून धुतल्यावर शेवटचा हात म्हणून ठीक. आधीच करून घेतला तर तो फक्त महागडा मोगरा.

सगळा खर्च सात हजारांच्या आत बसला. त्यातले पाचशे मी कापूर, कॉफी आणि सुगंधी बाटल्यांवर आधीच घालवले होते, ते धरून.

आता दिवाळी तोंडावर आहे. अख्खा पावसाळा गाडी पुन्हा वापरली. आंबोलीला गेलो, गगनबावड्याच्या धुक्यात काचा लावून बसलो. ऑगस्टात एका संततधार दिवशी आईंनी मागच्या डाव्या बेल्टचा वास घेतला आणि म्हणाल्या, “हितं थोडं हाय.” तो बेल्ट दुसऱ्यांदा धुतला. घुंगरू आम्ही त्या गृहस्थांकडे नेऊन दिलं.

म्हणून एक सांगणं आहे. जुनी गाडी घेणार असाल तर सकाळी लवकर, एसी सुरू व्हायच्या आधी जा. आत टांगलेली बाटली काढून बाहेर ठेवा, काचा लावून पाच मिनिटं मागे बसा आणि मागचा बेल्ट ओढून नाकाला लावा. घरात तिखट नाकाचं माणूस असेल तर त्याला न्या. आणि विकणार असाल तर गाडीत कुत्रं बसत होतं, तेवढं घेणाऱ्याला मार्चमध्येच सांगून टाका. गाडी कोणी त्यावरून नाकारत नाही. फोम वाळवायला त्याला एप्रिलचं ऊन मिळतं.